घरचे मडके आणि सरकारचा परवाना

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय जरा अडचणीचा आहे. आपल्या वर्धा जिल्ह्यात १९७५ सालापासून दारूबंदी आहे. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत, त्या जिल्ह्यात कापूस-ज्वारीच्या भावावर बोलायला जमलेल्या बैठकीत कोणी उठून घरी बीअर करण्याच्या हक्काबद्दल बोलू लागला, तर वक्ता पिऊन तर आला नाही ना, अशी शंका येणे साहजिक आहे. तशी शंका नको. मी दारूची तरफदारी करायला उभा नाही. समोर ज्या मायबहिणी बसल्या आहेत त्यांच्यापैकी कितीतरी जणींची वेचणीची मजुरी कोणत्या वाटेने जाते, हे मला ठाऊक आहे. माझे बोलणे पटले नाही तर मला मध्येच थांबवायचा अधिकार त्यांना पहिला आहे.

मग हा विषय घ्यायचा कशाला? कारण प्रश्न दारूचा दिसतो, पण त्याच्या पोटात दुसराच प्रश्न आहे. आपल्या शेतात पिकलेल्या मालाचे आपल्या घरात काय करायचे, हे कोणी ठरवायचे? आणि सरकार जेव्हा 'लोकांच्या भल्यासाठी' एखादी गोष्ट बंद करते, तेव्हा ती खरोखर बंद होते, की फक्त आपल्या हातातून काढून दुसऱ्याच्या हाती दिली जाते?

आधी लांबची गोष्ट सांगतो. अमेरिकेत अलाबामा आणि मिसिसिपी नावाची दोन राज्ये आहेत. दोन्ही कापसाची. आपल्याकडे बोंडअळी, तसा त्यांच्याकडे बोंड पोखरणारा सोंडेकिडा. त्या किड्याने अलाबामातला कापूस इतका खाल्ला, की एंटरप्राइज नावाच्या गावाने १९१९ साली चक्क किड्याचे स्मारक उभारले. तुझ्यामुळे आम्ही कापूस सोडून भुईमुगाकडे वळलो आणि तरलो, म्हणून! असा हा मुलूख. देवाधर्माचा, चर्चला जाणारा आणि दारूच्या बाबतीत कडक. सगळ्या अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती देशाने उठवली तरी मिसिसिपीने राज्यापुरती १९६६ पर्यंत चालू ठेवली. दारूबंदीचे जिल्हे आजही तिथे आहेत.

१९३३ नंतर त्या देशात घरी द्राक्षाची वाइन करायला मोकळीक मिळाली, पण बीअरला मिळाली नाही. घरात जवाची बीअर मुरवणारा कायद्याने गुन्हेगार. ही बंदी उठली १९७८ साली. १४ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. कार्टर हे स्वतः जॉर्जिया राज्यातले भुईमुगाचे शेतकरी. त्या कायद्यात काय होते ते नीट ऐका, कारण पुढचे सगळे बोलणे त्यावर आहे. घरात एक प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर. दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन. त्यावर कर नाही. पण विकायची नाही. आणि फक्त आंबवायची. भट्टी लावून गाळायची नाही. घरी गाळणे त्या कायद्याने गुन्हाच ठेवले.

केंद्राने दार उघडले, पण राज्यांनी आपापली कुलपे ठेवली. अलाबामा आणि मिसिसिपीची कुलपे सर्वांत शेवटी, २०१३ साली उघडली. म्हणजे केंद्राच्या कायद्यानंतर पस्तीस वर्षांनी. ती उघडली कोणी? दारूच्या कारखानदारांनी नाही. नोकरीधंदा करणारी साधी माणसे, सुटीच्या दिवशी हौसेने घरी बीअर करणारी. अलाबामात त्यांनी 'राइट टू ब्रू', म्हणजे घरी करण्याचा हक्क, या नावाने संघटना केली. विधेयक मांडले, पडले. पुन्हा मांडले, पुन्हा पडले. ही माणसे आमदारांच्या दारात जात राहिली आणि एकच गोष्ट सांगत राहिली, की आम्ही विकत नाही, गाळत नाही, पोरांना देत नाही. जे करतो ते आमच्या स्वयंपाकघरात. शेवटी कायदा झाला. त्यात मर्यादा काय? अलाबामात तीन महिन्यांना १५ गॅलन, म्हणजे ५७ लिटरच्या आसपास. आणि मिसिसिपीचा कायदा काय म्हणतो? ज्या भागात बीअर बाळगणे मुळात कायदेशीर आहे, तिथेच ही मोकळीक. दारूबंदीच्या जिल्ह्याने बंदी ठेवायची ठरवली असेल, तर ती बंदी कायम.

इंग्लंडचेही तसेच. तिथे १८८० पासून घरी बीअर करायला परवाना लागे. १९६३ च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो परवाना काढून टाकला. ज्यांच्या राजवटीने आपल्याला परवान्याची सवय लावली, त्यांनी आपल्या घरातला परवाना सोडला. आपण मात्र छातीशी धरून बसलो आहोत.

कोणी म्हणेल, हे गोऱ्यांच्या हौसेचे प्रकार, आम्हाला काय त्याचे? मग आता ज्वारीची गोष्ट ऐका.

दक्षिण आफ्रिकेत ज्वारीची बीअर शेकडो वर्षांची आहे. ज्वारीला मोड आणायचे, वाळवायचे, दळायचे, पाण्यात शिजवायचे, थंड करून मुरवायचे. दाटसर, आंबूस, नशा फार थोडी. करणार बाया. आपल्या मायबहिणींना यात काही नवल वाटणार नाही. अंबील आंबवणारीला, मटकीला मोड आणणारीला यातली अर्धी विद्या आधीच येते. मोड आला की दाण्यातल्या पिठाची साखर होऊ लागते, आणि हवेतले-भांड्यातले किण्व ती साखर खाऊन तिचे मद्य करते. एवढेच शास्त्र. मात्र ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विष असते. कोवळी ज्वारी खाऊन बैल दगावतो, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून तिथल्या बाया मोड वाळवतात, दळतात, शिजवतात. पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे ते.

आता सरकारने काय केले? १९०८ साली नाताळ प्रांताने कायदा केला. त्याचा आधार घेऊन डर्बन शहराच्या नगरपालिकेने ज्वारीच्या बीअरचा मक्ता स्वतःकडे घेतला. बायांनी घरी करायची नाही; पालिकेच्या बीअरगृहात जाऊन काळ्या मजुरांनी विकत प्यायची. कारण काय दिले? दारूवर नियंत्रण, सुव्यवस्था, लोकांचे भले! आणि त्या विक्रीच्या नफ्यातून काळ्या वस्त्यांवर राज्य करण्याचा खर्च भागवला. आपल्याच ज्वारीच्या बीअरच्या पैशातून आपल्यालाच दाबायचे. याला 'डर्बनची पद्धत' म्हणून नाव पडले आणि पुढे ती देशभर गेली.

याविरुद्ध उभे कोण राहिले? बाया. १९२९ साली डर्बनमध्ये बीअरगृहांवर बहिष्कार पडला, त्यात बाया पुढे होत्या. १९५९ च्या जूनमध्ये डर्बनच्या केटो मॅनॉर वस्तीत पोलिसांनी घरोघरीची पिंपे ओतली, तेव्हा बाया काठ्या घेऊन पालिकेच्या बीअरगृहात शिरल्या आणि पिणाऱ्या पुरुषांना हाकलून त्यांनी पिंपे फोडली. त्यांची तक्रार दुहेरी होती. आमच्या हातचे काम आणि चार पैसे गेले, ही एक. आणि नवऱ्याची मजुरी घरी येण्याऐवजी सरकारी गल्ल्यात जाते, ही दुसरी. घरच्या मडक्यासाठी भांडणारी बाई आणि दारूच्या दुकानाविरुद्ध भांडणारी बाई, या दोन बाया नव्हत्या. ती एकच बाई होती. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे या दोघींना एकमेकींविरुद्ध उभे केले जाते.

आता घरी येऊ. आपल्याकडे जव नाही, पण मोह आहे. कारंजा-आष्टीकडे, सेलू-समुद्रपूरच्या जंगलकाठी ज्यांची शेते आहेत, त्यांच्या धुऱ्यावर मोह उभा आहे. चैत्राच्या पहाटे फुले गळतात, बाया-पोरे टोपल्या घेऊन वेचतात, अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक साखरच असते. दुष्काळात माणसांनी त्याच्या भाकरी खाल्ल्या, लाडू खाल्ले. बियांचे तेल काढले. आणि हो, त्याची दारूही गाळली. गोंडांच्या देवकार्यात, लग्नात, मयतीत मोहाचा थेंब लागतो. हे वाईट की चांगले, ते बाजूला ठेवा. ते आहे.

इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला. उद्देश दारू कमी करणे नव्हता; दारूचा पैसा एका हातात गोळा करणे हा होता. भट्टी सरकारमान्य मक्तेदाराची, बाकी सगळे चोर. तरी ठाणे-कुलाब्यातले लोक मोह गाळत राहिले, तेव्हा सरकारने १८९२ साली मोहाचाच कायदा केला. दारूवर नव्हे, फुलावर! चोरी होते म्हणून तिजोरीऐवजी धान्यावरच बंदी घालावी, तसा प्रकार. खाण्याचे फूल गोळा करणेच गुन्हा झाला.

इंग्रज गेले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. आपण तेव्हा मध्य प्रांतात होतो. १९५६ साली मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, आणि तो कायदा आपल्यालाही लागला. आज त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. मग ते पिंपभर असो की मडकेभर, विकायला असो की घरच्या कार्याला. मोहफुलांवरचे नियंत्रण स्वराज्यातही चालू राहिले. किती फुले गोळा करायची, किती बाळगायची, कुठे न्यायची, सगळ्याला सरकारचा हात. फुलांचे गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध राज्य सरकारने उठवले ते २०२१ साली. झाडाखाली पडलेले फूल उचलण्यासाठी स्वतंत्र देशातल्या बाईला चौऱ्याहत्तर वर्षे थांबावे लागले.

नीरेचे पहा. गांधीजी वर्ध्याला आले, १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला, मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली कामे सुरू झाली. ताडा-शिंदीच्या झाडाचा रस ताडी होऊन नासण्याऐवजी त्याची नीरा प्यावी, त्याचा गूळ करावा, हा त्यांचा कार्यक्रम. म्हणजे दारूला पर्याय. पण ती न आंबलेली, नशा नसलेली नीरासुद्धा दारूबंदी खात्याच्या परवान्याखाली! दारू सोडायचा रस्तासुद्धा दारूच्या खात्यातून जातो.

आता याच राज्यात मोठ्यांसाठी काय चालते? २००७ साली राज्य सरकारने ज्वारी, बाजरी, मक्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना उत्तेजन देणारे धोरण आणले. लिटरमागे १० रुपये अनुदान. त्यावर मोठा वाद झाला. धान्याची दारू करू नका, असे एक बाजू म्हणाली. शेतकऱ्याच्या काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल, असे दुसरी बाजू म्हणाली. मी फक्त हिशोब विचारतो. अनुदान कोणाला? कारखान्याला. परवाना कोणाला? कारखान्याला. ज्वारी कोणत्या भावाने? पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी बाजारात ज्या भावाने जाते, त्याच भावाने. शेतकऱ्याच्या नावाने वरात, आणि शेतकरी मांडवाबाहेर.

२००९ साली पुण्यात छोट्या भट्टीची ताजी बीअर विकणारे पहिले ठिकाण परवाना घेऊन सुरू झाले. आता मोठ्या शहरांत तशी पुष्कळ आहेत. त्यांनी रीतसर परवाना घेतला, शुल्क भरले. त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण त्याच पुण्यात एखाद्या मुलाने हौस म्हणून स्वतःच्या घरात पाच लिटर मुरवली तर तो गुन्हेगार. आणि २०१८ च्या जैवइंधन धोरणाने खराब झालेल्या धान्यापासून पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल करायला मुभा दिली. इथेनॉल म्हणजे तेच मद्य, फक्त माणसाऐवजी मोटार पिते. चांगली गोष्ट आहे, मक्याला गिऱ्हाईक वाढले. पण तिथेही आपण पोते टाकायचे आणि निघायचे. प्रक्रियेतला पैसा ज्याच्याकडे परवाना, त्याचा. कापूस एकाधिकाराच्या काळात आपलाच कापूस राज्याच्या सीमेपलीकडे न्यायला निघालो की आपण तस्कर ठरत होतो. सरकारने ओढलेल्या रेषेच्या अलीकडे तुम्ही अन्नदाते, पलीकडे गुन्हेगार. माल तोच, माणूस तोच.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, चला, उठवा मग बंदी सगळी. थांबा. आता दुसरी बाजू, आणि ती जास्त जड आहे.

आपल्या जिल्ह्यात बंदी असूनही दारू मिळते, हे सर्वांना माहीत आहे. शेजारच्या जिल्ह्यातून बाटली येते, जंगलात, नाल्याकाठी हातभट्टी लागते. त्या भट्टीत मोहाच्या फुलापेक्षा काळा गूळ आणि नवसागर जास्त. हे घरचे मडके नव्हे. हा धंदा आहे. त्याच्या वाटेवर कोणाचे हात ओले होतात, हे सांगायची गरज नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती लोकांनी, विशेषतः बायांनी, लढून मिळवली. चंद्रपुरात २०१५ साली झाली, तीही बायांच्या मोर्चांमुळे. २०२१ साली सरकारने ती उठवली. उठवताना सांगितले, की अवैध दारू वाढली, महसूल बुडाला. अवैध दारू वाढली हे खरे असेल. पण ज्या बाया मैलोन्‌मैल पायी चालत गेल्या होत्या, त्यांना कोणी पुन्हा विचारले का?

आणि विषारी दारूचे मरण. २००४ साली विक्रोळीत, २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत माणसे मेली, मालवणीत शंभरावर. ती कशाने मेली, हे समजून घ्या. ज्वारी आंबली, मोह आंबला, तर त्यात तयार होते ते इथाइल मद्य. मालवणीच्या दारूत होते ते मिथाइल. ते कारखान्यात रंग-रसायनांसाठी वापरतात. दिसायला पाण्यासारखे, वासाला दारूसारखे, किमतीला स्वस्त. विकणारा ते चोरून आणतो आणि मिसळतो. पोटात गेले की शरीर त्याचे विष बनवते. आधी डोळे जातात, मग जीव. म्हणजे मारणारी गोष्ट आहे ती चोरटा धंदा आणि नफ्यासाठीची भेसळ. जो स्वतःच्या घरी, स्वतःच्या लेकराबाळांत बसून पिणार आहे, तो आपल्या मडक्यात कारखान्याचे रसायन ओतत नाही. पण म्हणून घरची दारू निरुपद्रवी, असेही मी म्हणणार नाही. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले, की मद्याचे सुरक्षित असे प्रमाणच नाही. आणि घरात भट्टी लावून गाळणे हे आग आणि विष दोन्हींशी खेळणे आहे. म्हणून अमेरिकेच्या त्या कायद्यानेही आंबवणे आणि गाळणे यांत भिंत घातली.

मग मार्ग काय? मार्ग आपल्याच इतिहासात आहे, आणि तो वर्ध्याच्या जवळचा आहे.

१९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यात संपूर्ण दारूबंदी होती, आणि मिठावरचा कर रद्द करा, हीही होती. दोन्ही मागण्या एकाच कागदावर. म्हणजे सरकारने लोकांना दारू विकून पैसा करू नये, आणि लोकांनी घरी मीठ केले तर त्यांना तुरुंगात टाकू नये. गांधीजींनी मीठ आणि दारू एका मापाने मोजली नाही, आणि मीही मोजणार नाही. मीठ हे अन्न आहे, दारू नाही. पण १९३१ च्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला, त्यातला मिठाचा मार्ग पहा. मिठाचा कायदा रद्द झाला नाही. पण जिथे मीठ निघते त्या भागातल्या गावकऱ्यांना घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ करायला मुभा मिळाली. गावाबाहेरच्या व्यापाराला नाही. एवढ्या बलाढ्य इंग्रज सरकारला घरगुती आणि व्यापारी यांत फरक करता आला. मग आपल्या सरकारला का करता येऊ नये?

इतर राज्यांनी केला आहे. मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये आदिवासींना स्वतःपुरती मोहाची दारू करायला ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देऊन ती आदिवासी गटांमार्फत विकण्याचे धोरण जाहीर केले. गोव्यात काजूच्या बोंडाची फेणी. २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली राज्याने तिला वारशाचे पेय म्हटले. कोकणातला आणि गोव्यातला काजू एकच. पण गोव्यात त्याचे बोंड म्हणजे पैसा आणि सीमेच्या अलीकडे बहुतेक खत. आणि १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूबंदी करायची, की विक्री-वापरावर मर्यादा घालायची, हे ठरवण्याचा अधिकार दिला. आपला वर्धा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. म्हणजे इथल्या गोंडाच्या मडक्यावर ना त्याच्या ग्रामसभेची सत्ता, ना त्याची स्वतःची.

तेव्हा माझे म्हणणे तीन मुद्द्यांत मांडतो. गावोगाव जाऊन यावर बोला.

पहिला मुद्दा. कायद्याने घर आणि धंदा वेगळा करावा. ज्याने शंभर पेट्या गाडीत भरून आणल्या आणि जिच्या घरी देवकार्याच्या मोहाचे एक मडके सापडले, त्या दोघांना एकाच कलमाच्या दावणीला बांधणे हा न्याय नव्हे. धंदेवाला जामीन घेऊन संध्याकाळी पुन्हा धंद्याला लागतो; मडकेवाली तारखांना बस-भाडे भरत तालुक्याला खेटे घालते. मर्यादा ठरवा, प्रौढांपुरते ठेवा, विक्रीला पूर्ण बंदी ठेवा, आणि गाळण्याचा विचार आंबवण्यापासून वेगळा करा.

दुसरा मुद्दा. ही मोकळीक द्यायची की नाही, हे मुंबईत ठरू नये आणि माझ्यासारख्या पुरुषांच्या भाषणानेही ठरू नये. ते गावातल्या बायांनी गुप्त मतदानाने ठरवावे. राज्यात परवान्याचे दुकान बंद करण्यासाठी 'बाटली आडवी' करायचे मतदान बायांना मिळाले आहेच. तसेच इथेही मिळावे. ज्या गावच्या बाया 'नको' म्हणतील, तिथे मडकेही नको. मिसिसिपीने नाही का बंदीचे भाग बंदच ठेवले! स्वातंत्र्य म्हणजे एकट्या घरधन्याचे स्वातंत्र्य नव्हे. ज्या घरात नवऱ्याच्या स्वातंत्र्याचा मार बायकोच्या पाठीवर पडतो, तिथे आधी तिचे स्वातंत्र्य.

तिसरा मुद्दा, आणि हा उद्यापासून करण्याचा. आंबवलेल्या मडक्याचा वाद मिटेल तेव्हा मिटेल. पण मोहाचे फूल आता मोकळे आहे. त्याचे लाडू, पाक, मुरंबा करा. ज्वारीला मोड आणून, वाळवून, भाजून तिचे पौष्टिक पीठ करा. शहरात बाटलीबंद, डबाबंद हेच पीठ मोठ्या नावाने विकले जाते. नायजेरियाने १९८८ साली परदेशी जवाच्या माल्टवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या बड्या बीअर कंपन्या निमूटपणे स्थानिक ज्वारी-मक्याकडे वळल्या. म्हणजे ज्वारीत गुण आहे, हे जगाला माहीत आहे. आपणच तिला गरिबाची भाकर आणि जनावराचा कडबा म्हणून सोडून सोयाबीनच्या मागे लागलो. छोट्या गटांना परवडेल असा प्रक्रियेचा परवाना आणि शुल्क मागा. कारखान्याला लिटरमागे अनुदान देता येते, तर बचत गटाच्या वाळवणीच्या छपराला का नाही?

आणि एक स्पष्ट सांगून ठेवतो. कायदा आज जो आहे तो आहे. या भाषणाचा आधार घेऊन कोणी घरी मडके लावू नये. उद्या धाड पडली तर भांडी जप्त होतील तुमची, कोर्टात उभी राहील तुमची माय नाही तर बायको, आणि हातभट्टीवाला पलीकडे उभा राहून हसेल. अलाबामाच्या लोकांनी जे केले ते उघड केले. विधेयक पडले तर पुन्हा मांडले. लपून करण्यात फायदा नेहमी धंदेवाल्याचा असतो. उघड मागण्यात आपला.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या बायांचे मत घेऊन यावे. पुरुषांनी लिहून आणलेले नको. बायांनी स्वतः येऊन सांगावे. 'हो' असेल तर हो, 'नाही' असेल तर नाही. त्यावरच पुढे ठराव करायचा की विषय बंद करायचा, हे ठरेल.

एवढे सांगून थांबतो.